माझा अनुभव: तहसीलशी भांडायला मोफत वकील हवा? मग आधी तहसीलचाच दाखला आणा!

आत्याचं संजय गांधी निराधारचं अनुदान बंद पडलं. महिन्याचे १५०० रुपये. विचारायला गेलं की ‘उत्पन्नाचा दाखला दिला नाही म्हणून वरूनच बंद झालंय’ एवढंच तोंडी उत्तर. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तरी पान हललं नाही. खासगी वकिलाची फी म्हणजे कित्येक महिन्यांचं अनुदान. म्हणून मोफत विधी साहाय्यासाठी अर्ज केला. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फॉर्म फुकट मिळतो, भरायलाही सोपा आहे.

अडलं ते खिडकीवर. ‘उत्पन्नाचा दाखला कुठाय?’

आता हा दाखला देतं कोण? तहसील. अनुदान बंद केलं कोणी? तहसीलने. कशापायी? त्याच दाखल्यापायी. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दाद मागायची त्यांच्याच सहीचा कागद आधी आणायचा! दोन खेपा मी निमूट घातल्या. सेतूत रांग, तलाठ्याचा अहवाल बाकी, साहेब बैठकीला. तिसऱ्या खेपेआधी कायदाच उघडून वाचला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ बघा. महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. आत्या बाई आहे, विषय संपला. आधार कार्डाची प्रत पुरते. दिव्यांगांनी प्रमाणपत्र जोडावं, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जातीचा दाखला.

उत्पन्नाची मर्यादा बघतात ती यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ श्रावणबाळचं निवृत्तीवेतन थांबलेले एखादे आजोबा. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. इथे सगळे गोंधळतात, कारण निराधार योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे (दिव्यांगांना ५०,०००). ही ३ लाखांची अट फक्त वकील मिळण्यापुरती, अनुदानाशी तिचा संबंध नाही. आणि त्या आजोबांनाही तहसीलचा दाखला लागतोच असं नाही. कलम १३ म्हणतं की उत्पन्नाबद्दलचं अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच प्रश्न. ‘पद्धत अशीच आहे’ हे कारण नव्हे.

भांडू नका. अर्जातच एक ओळ घाला: ‘अर्जदार महिला असल्याने कलम १२ नुसार पात्र, उत्पन्नाचा दाखला आवश्यक नाही.’ अर्ज आवक करून क्रमांक घ्या. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नकार आलाच तर तो लेखी मागा, त्यावर विधी सेवा समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. खिडकीवरचा तोंडी नकार मात्र कुठेच नोंदला जात नाही, माणूस तिथूनच परत जातो. राग आहे तो याचा. त्या ओळीनंतर आमचा अर्ज लगेच घेतला गेला. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स-नोटिसांचा खर्च, टायपिंग, भाषांतर, नकला, सगळं प्राधिकरणाकडून. प्राधिकरणाने नेमून दिलेल्या (पॅनेलवरच्या) वकिलाला वेगळा पैसा द्यायचा नाही. कोणी मागितलाच तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र आपलीच. त्यामुळे आवक क्रमांक आणि फोन नंबर खिशात ठेवा, निम्म्या खेपा वाचतात.

सगळ्यात आधी करायचं ते आत्ता आठवलं. वकिलाकडे जाण्यापूर्वी पासबुक भरून आणा आणि आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. कधीतरी दुसरं खातं काढलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं तर रक्कम तिथे साठत असते, आणि आपण तहसीलला शिव्या घालत बसतो.

वकील पहिला कागद मागतो तो अनुदान बंद केल्याच्या आदेशाचा. तो आपल्याकडे नसतोच. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी लवकर टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तोही लागत नाही), उत्तराची मुदत ३० दिवस. तीन गोष्टी मागा: बंदचा आदेश, त्याआधी पाठवलेली नोटीस आणि तिची पोच, निराधार योजनेच्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता पैसे थांबवले असतील तर वकिलाचा सगळा जोर त्या रिकाम्या जागेवरच असतो.

आणि प्रत्येक अर्जात थकलेले महिने नाव घेऊन लिहा, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, एकूण इतके रुपये. नुसतं ‘अनुदान सुरू करावे’ लिहिलं की चालू महिन्यापासून सुरू करतात आणि मागच्या थकबाकीसाठी पुन्हा नवा अर्ज.