खांद्यावरचा बूट आणि गळ्यातला मायक्रोफोन

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात आलेले बहुतेक लोक तोफेच्या नळीपाशी उभे राहून छायाचित्र काढून घेतात. पहिल्या भेटीत मीही तेच केले. दुसऱ्या वेळी मात्र सेंच्युरियन रणगाड्यासमोर बराच वेळ थांबलो. त्याच्या चालकाची जागा पुढे आणि खाली असते, तर कमांडर वर टरेटमध्ये, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या मनोऱ्यात असतो. इंजिन गरजत असताना आणि पोलादी पट्टे खडखडत असताना वरच्याने सांगितलेले खालच्याला ऐकू कसे जात असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि पुढे कितीतरी महिने त्याने माझी पाठ सोडली नाही.

या प्रश्नाची सुरुवात १५ सप्टेंबर १९१६ पासून होते. त्या दिवशी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी ‘मार्क वन’ हे रणगाडे प्रथमच रणांगणात उतरवले. आत आठ माणसे आणि त्यांच्या मधोमध, कोणत्याही पडद्याशिवाय, १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन अशी त्याची रचना होती. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी शब्द कळत नसे, आणि असे असूनही हे धूड नुसते वळवायचे म्हटले तरी चार माणसांचा मेळ बसावा लागे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे गिअर वेगळे होते आणि ते बदलणारे दोन सैनिक मागच्या बाजूला बसत. वळायचे असले की चालक इंजिनाच्या आवरणावर पान्याने ठोके देऊन त्यांचे लक्ष वेधून घेई आणि मग हाताने खूण करी. ती पाहून मागचा सैनिक त्या बाजूचा गिअर सोडवी, चालकाशेजारी बसलेला कमांडर त्याच बाजूचा ब्रेक ओढी, आणि मग कुठे रणगाडा तोंड फिरवी. उष्णता आणि विषारी धूर यांनी माणसे भोवळून जात असताना त्यांना ही खूणभाषा चालवावी लागे. बाहेरच्या जगाला निरोप द्यायचा तर कबुतरे सोडावी लागत किंवा निशाणे दाखवावी लागत. १९१८ च्या ‘मार्क फाइव्ह’मध्ये नवी गिअरपेटी आली, एकट्या चालकाला रणगाडा हाकता येऊ लागला आणि मागच्या दोघांशी चालणारा हा ठोक्यांचा संवाद संपला.

फ्रेंचांच्या ‘रेनो एफटी’मध्ये दोनच माणसे होती. कमांडर चालकाच्या मागे टरेटमध्ये असे आणि पायाने आज्ञा देई. पाठीवर लाथ बसली की पुढे चालायचे, खांद्याला स्पर्श झाला की त्या बाजूला वळायचे, डोक्यावर पाय पडला की थांबायचे. माहूत हत्तीच्या कानामागे पायाची बोटे दाबून त्याला वळवतो, ते आपल्याकडे अनेकांनी पाहिलेले आहे. इथे त्या पायाखाली हत्तीच्या जागी माणूस होता, एवढाच फरक.

ही पायांची भाषा पहिल्या महायुद्धाबरोबर संपली असेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत ‘टी-३४’मध्ये आतल्या संभाषणाचे यंत्र होते, पण ते इतके भरवशाचे नव्हते की लढाईत त्याच्यावर विसंबून राहावे. म्हणून कमांडर चालकाच्या खांद्यांवर बूट ठेवून बसे आणि डावा किंवा उजवा खांदा दाबून दिशा सांगे. गोळा भरणाऱ्यासमोर मूठ धरली की चिलखतभेदी गोळा आणि पंजा उघडून दाखवला की स्फोटक गोळा, अशी खूण जुन्या सैनिकांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. त्याहून मोठी अडचण अशी की सुरुवातीच्या ‘टी-३४’च्या टरेटमध्ये दोघांचीच जागा होती, त्यामुळे तोफेचा नेम धरण्याचे कामही कमांडरकडेच होते. दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस आजूबाजूला पाहू शकत नाही, आणि ज्याने पाहिलेले नाही तो इतरांना काय सांगणार? १९४० मध्ये कित्येक फ्रेंच रणगाड्यांची हीच गत होती. एकट्या माणसाच्या टरेटमध्ये कमांडरच तोफ भरी, तोच झाडी, आणि बिनतारी संच नसल्यामुळे इतर रणगाड्यांशी निशाणांनी बोलण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येई. त्यांतले काही रणगाडे चिलखताच्या बाबतीत जर्मन रणगाड्यांपेक्षा सरस होते. तरीही ते हरले, आणि त्यामागच्या अनेक कारणांत हे कारण फार कमी लेखले जाते, असे मला वाटते.

जर्मनीचा सेनापती हाइन्झ गुडेरियन पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेश विभागात काम करून आलेला होता. प्रत्येक रणगाड्यात बिनतारी संच हवा, हा त्याचा आग्रह होता. ‘पँझर थ्री’मध्ये पाच माणसे बसत: कमांडर, तोफची, गोळा भरणारा, चालक आणि संच सांभाळणारा. कमांडरला पाहणे आणि बोलणे एवढेच काम राहिले. त्याच्या गळ्याभोवती पट्ट्याने बांधलेला मायक्रोफोन असे. त्याच्या दोन चकत्या स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना टेकलेल्या असत आणि हवेतला आवाज न पकडता गळ्यातले कंपन थेट पकडत, त्यामुळे इंजिनाचा गोंगाट बाहेरच राही आणि दोन्ही हात मोकळे राहत. त्यात एक उणीव होती: ओठांपाशी आणि दातांपाशी घडणारे फ, स यांसारखे वर्ण त्यात पुसट होत. मोजक्या, ठरलेल्या शब्दांतच बोलण्याची शिस्त अशा यंत्रावर फार उपयोगी पडे.

ब्रिटिशांच्या १९ क्रमांकाच्या संचात तीन सोयी एकत्र होत्या: लांबचा संपर्क, जवळच्या रणगाड्यांशी संपर्क आणि आतल्या आत बोलणे. यांतली एक निवडण्यासाठी खटका फिरवावा लागे, आणि लढाईच्या धांदलीत तो फिरवायचा राहून गेला, तर चालकासाठी असलेली आज्ञा साऱ्या तुकडीला ऐकू जाई आणि चालकाला मात्र काहीच कळत नसे. कॅनडात तयार झालेल्या संचांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही कोरलेली असत, कारण हेच संच सोव्हिएत सैन्यालाही पुरवले जात होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती नेम धरतानाची बोली. कमांडरला चारी दिशा दिसतात, तोफचीला दुर्बिणीतला एक चिमुकला गोल तुकडा दिसतो. म्हणून कमांडर ‘डावीकडे’ म्हणे, टरेट फिरू लागे, लक्ष्य जवळ येताच तो ‘सावकाश’ या अर्थाचा शब्द उच्चारी, नळी रोखली गेली की ‘बरोबर’, मग अंतर, आणि शेवटी ‘फायर’. एका माणसाची नजर दुसऱ्याच्या डोळ्यांत नेऊन ठेवायला एवढे चार-पाच शब्द पुरत.

आपल्या सैन्यातल्या सेंच्युरियनमध्ये चौघे असत आणि गोळा भरणाराच बिनतारी संचही सांभाळी. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा त्यांना बिनतारी संचावरून मिळाली. आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले आणि संच बंद केला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन करून ठेवलेला आहे.