जागा किती घ्यावी?

माझा व्यवसाय कार्यालयांची अंतर्गत रचना करून देण्याचा आहे आणि माझी बहुतेक कामे ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ऐरोली, घणसोली, बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात असतात. नवी जागा शोधणारे मालक आणि व्यवस्थापक मला हमखास विचारतात, की माणसे आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच येणार असतील, तर पुढच्या काही वर्षांचा विचार करून जागा किती घ्यावी. चौरस फुटांचा आकडा मी सर्वांत शेवटी काढतो. आधी मी विचारतो, की तुमच्याकडे काम नीट झाले की नाही हे कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो. जागा मोजायला आलेल्या माणसाने कारभारात नाक खुपसलेले काहींना रुचत नाही. पण या उत्तराशिवाय नकाशा काढता येत नाही.

कारण जुन्या कार्यालयाचा नकाशाच पुष्कळ काही सांगून जातो. साहेबांची केबिन कोपऱ्यात, दोन्ही अंगांना खिडक्या, समोर काच, आणि खुर्ची अशा बेताने ठेवलेली की बसल्या जागेवरून सगळ्यांच्या पाठी आणि संगणकाचे पडदे दिसावेत. जिथे देखरेख अशी चालते, तिथे घरून काम करण्याचे धोरण कागदावरच राहते; घरी असलेल्या माणसाला तासातासाला फोन जातो आणि तो काम करण्यापेक्षा आपण जागेवर आहोत हे दाखवण्यात दिवस घालवतो. अशा मालकांना मी माणशी एक खुर्ची घ्यायला सांगतो, कारण माणसे रोज येणारच असतात.

या बाबतीत शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-आरक्षण करून देणाऱ्या कंपनीतला प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटतो. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तो 2024 मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडला. 1,612 कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख विषम होती त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा मिळाली, सम तारखेच्यांना रोज यावे लागले. मुभा मिळालेल्यांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक दिसला नाही. ही घट मुख्यतः स्त्रियांत, लांबून येणाऱ्यांत आणि हाताखाली माणसे नसलेल्यांत होती. मला मात्र यातली व्यवस्थापकांची नोंद अधिक बोलकी वाटते: या पद्धतीने उत्पादकता सरासरी 2.6 टक्के घटेल असे त्यांना आधी वाटत होते, तर प्रयोग संपल्यावर ती 1 टक्का वाढते असे त्यांचे मत झाले.

लांबून येणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. बदलापूर किंवा डोंबिवलीहून ठाण्याला उतरायचे, पुलावरची गर्दी कापत फलाट क्रमांक 9-10 गाठायचा, ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ऐरोलीला यायचे आणि तिथून पुन्हा शेअर रिक्षाची रांग. गंमत अशी, की नवी मुंबई हे शहर नेमके हे टाळण्यासाठी आखले गेले होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, 1970 मध्ये ते वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, आणि प्रत्येक उपनगरात घर व रोजगार जवळजवळ असावेत असा बेत होता. वाशी आणि बेलापूरच्या स्थानकांच्या इमारतींत कार्यालये आहेत ती उगाच नव्हेत. पुढे माहिती तंत्रज्ञानाची मोठी संकुले उभी राहिली ती प्रामुख्याने ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, आणि तिथे काम करणाऱ्या अनेकांना परवडणारी घरे मात्र मध्य रेल्वेच्या टोकाला.

म्हणून सगळ्यांना घरीच बसवा, असे मी म्हणत नाही. दोन खोल्यांत नवरा-बायको दोघे बैठकीत, मुलाचा अभ्यास आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना काम कसे होते, हे स्वतंत्र अभ्यासिका असलेल्या साहेबांना चटकन उमगत नाही. मुख्य कार्यालय थोडे आटोपशीर ठेवून ठाणे स्थानकाजवळ सामायिक जागेत काही खुर्च्या घ्याव्यात, हा पर्याय मला त्यापेक्षा बरा वाटतो.

नेतृत्व बदलले हे दाखवण्यासाठी सगळ्या भिंती पाडण्याची जी हौस आहे, तिच्यापासूनही मी सावध करतो. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भिंती काढल्यावर समोरासमोरचे बोलणे वाढण्याऐवजी सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. लोकांना आडोसा लागतो. आज दहा जणांच्या बैठकीच्या खोलीत एकच जण व्हिडिओ कॉलवर बसलेला दिसतो, म्हणून छोट्या खोल्या आणि फोनसाठी बंद कप्पे अधिक हवेत. त्या कप्प्यांत हवा खेळती नसेल, तर दहा मिनिटांत आतला माणूस दार किलकिले करतो आणि त्याच्या पगारवाढीची चर्चा सगळा मजला ऐकतो. साहेब नसताना त्यांची केबिन इतरांनी वापरावी, असे कित्येक जण जाहीर करतात. पण टेबलावर गणपती, भिंतीवर सन्मानचिन्हे आणि खणांत खासगी कागद असले, की आत पाऊल टाकायला कोणी धजत नाही. ती खरोखर सर्वांसाठी असेल, तर तिथे खणाचे टेबल मी देतच नाही.

आणखी एक गोष्ट राहून जाते. 2017च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. टेबल टेनिसच्या टेबलाला जागा मागणारे मला भरपूर भेटतात. पाळणाघराचा विषय बहुधा मलाच काढावा लागतो.

आता आकडा. शंभर माणसांची सरासरी उपस्थिती 60 असली, तरी मंगळवार-बुधवारी ती 90वर जाऊ शकते, आणि खुर्च्या त्या दिवसाला पुरायला हव्यात. विभागप्रमुखांनी आपसांत दिवस वाटून घेतले, तर 70 खुर्च्या आणि सामान ठेवायला प्रत्येकाला एक कुलूपबंद कप्पा एवढ्यात भागते. प्रत्येकाला मंगळवारच हवा असेल, तर भागत नाही. भाडेकरारात पुष्कळदा तीन वर्षांचे लॉक-इन असते, म्हणजे तोवर जागा सोडता येत नाही, तेव्हा सही करण्यापूर्वी किमान दोन महिन्यांच्या हजेरीची वारनिहाय आणि विभागनिहाय नोंद काढून घ्यावी, आणि शुक्रवारी अर्ध्या मजल्याची वातानुकूलन यंत्रणा वेगळी बंद करता येते का, हे इमारतीच्या मालकाकडून लेखी घ्यावे.