अरिताचे चार किलोमीटर आणि बावीस हजार येनची बशी

जायच्या आधी मला कुणी सांगितलं नाही, ते आधी सांगते. जपानच्या क्युशू बेटावर अरिता गावात दरवर्षी 29 एप्रिल ते 5 मे भांड्यांचा मोठा बाजार भरतो, पण तो जुन्या भांड्यांचा बाजार नाही. चार किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भांडी मांडलेली असतात आणि त्यातली बहुतेक सगळी नवी: कारखान्यांचा शिल्लक माल, बारीक डाग राहिलेल्या ताटल्या, रोजच्या वापराचे वाडगे. मी आणि माझी नणंद गेलो होतो ती दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची निळी-पांढरी चिनी माती शोधायला. पुण्यातल्या घरी बैठकीची एक अख्खी भिंत त्यासाठी रिकामी ठेवली होती. दुपारपर्यंत जुन्या मालाचे मोजून पाच ठेले दिसले. नवा डिनर सेट घ्यायचा असेल तर या बाजारासारखी जागा नाही. जुनं हवं असेल तर या आठवड्यात अरिताला जाऊ नका, किंवा फक्त संग्रहालयासाठी जा.

फसगत मात्र त्याच्या आदल्या दिवशीच झाली होती. 28 एप्रिलला फुकुओकातल्या एका दुकानात जेमतेम फूटभर व्यासाची एक बशी दिसली. बारीक वेलबुट्टीने काठोकाठ भरलेली, निळा रंग झळझळीत. खाली चिठ्ठी होती 'को-इमारी'. म्हणजे जुनं इमारी, एदो काळातलं, 1868 च्या आधीचं. (अरिताचा माल इमारी बंदरातून जहाजावर चढायचा म्हणून नाव इमारी पडलं.) मी दोनदा विचारलं, एदो नक्की ना? दुकानदाराने दोन्ही वेळा होय म्हटलं. बावीस हजार येन मोजले.

बाजारातून कंटाळून आम्ही अरिता स्टेशनजवळच्या टेकडीवरच्या क्युशू सिरॅमिक संग्रहालयात शिरलो. तिथे शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आहे, आणि तो काळाच्या क्रमाने पाहता येतो. कोरियातून आणलेल्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अरितातल्याच इझुमियामा खाणीचा दगड कुटून केलेल्या पहिल्या जाडसर बश्या, मग 1659 साली डच ईस्ट इंडिया कंपनीची मोठी मागणी आल्यावरचा युरोपला गेलेला माल, मग काकिएमोन या कुंभार घराण्याचं दुधाळ पांढरं, मग सोनेरी-लाल भरगच्च इमारी. तास-दीड तास एकामागून एक बघितल्यावर डोळा तयार होतो. हाताने काढलेली रेघ कुठे जाड होते, कुठे पातळ. रंग कुठे साचतो, कुठे फिका पडतो. तिथल्या बाकावर बसून मी माझी बशी कागदातून सोडवली आणि पोटात खड्डा पडला. सगळी वेलबुट्टी एकाच जाडीची. रेघा मधेमधे तुटलेल्या. आणि काठापाशी एका जागी नक्षीचे दोन तुकडे एकमेकांशी जुळतच नव्हते, चुकीच्या मापाने शिवलेल्या कापडासारखे.

ते इनबान होतं. मेइजी काळात, म्हणजे 1868 ते 1912 मध्ये, नक्षी कोरलेला कागद भांड्यावर ठेवून त्यावरून रंग भरायचे. कागद तुकड्यातुकड्यांनी लावावा लागे म्हणून सांधा दिसतो, आणि कागद फाटू नये म्हणून नक्षीत पूल सोडावे लागत म्हणून रेघा तुटतात. रंगही रासायनिक कोबाल्टचा, त्यामुळे इतका झळझळीत. बशी शंभर वर्षांहून जुनी आहे, खोटी नाही. पण ती एदोची नाही. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तीनच दिवस आधी, 25 तारखेला, क्योटोच्या कितानो तेनमांगू देवळातल्या बाजारात असल्याच बश्या मी हातात घेऊन खाली ठेवल्या होत्या. हजार, दीड हजार येनला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी अरिताचं संग्रहालय, मग खरेदी. खरेदीसाठी क्योटोला तोजी देवळातला 21 तारखेचा आणि कितानोचा 25 तारखेचा बाजार. दोन्ही दर महिन्याला भरतात. सकाळी लवकर पोहोचा.

बशी हातात आल्यावर सांधा शोधा, काठाच्या नक्षीवरून बोट फिरवत पूर्ण गोल. मागच्या चिनी शिक्क्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. अरिताचे कारागीर मिंग राजवटीतल्या चेंगहुआ काळाचा शिक्का सर्रास काढत, त्यावरून ना देश ठरतो ना साल. नखाने हलकी टिचकी मारा. अखंड बशी खणखणते, तडा असेल तर आवाज बसका येतो. विक्रेत्यांचे तीन शब्द पाठ करा: 'न्यू' म्हणजे केसासारखा तडा, 'होत्सु' म्हणजे कपचा, 'मुकिझु' म्हणजे निर्दोष. आणखी एक, 'आतो-ए': साध्या जुन्या बशीवर नंतर लाल-सोनेरी रंगवून किंमत वाढवलेली. छोटा युव्ही टॉर्च बरोबर ठेवा, नवी डागडुजी त्यात वेगळी चमकते.

आता त्या रस्त्याबद्दल. आम्ही अरिता स्टेशनला उतरलो, ही दुसरी चूक. तिथले लॉकर भरलेले, हातात चाकाची बॅग, पाठीवर बशा, आणि रस्ता कामी-अरिता या शेजारच्या स्टेशनाकडे चढत जातो. चढ मोठा नाही, तुम्ही सह्याद्रीत फिरणारे असाल तर एरवी जाणवणारही नाही. पण फुदानोत्सुजी चौकानंतर माणसाला माणूस चिकटलेलं, पावलापावलाला कुणीतरी थांबून वाडगा उचलणार, आणि तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावर फुटण्यासारखा माल. माझी बॅग एका मांडणीला घासली तेव्हा छातीत धस्स झालं. ते दोन किलोमीटर पार करायला आम्हाला अडीच तास लागले. खांदे दुसऱ्या दिवशीही दुखत होते. तेव्हा एक स्टेशन आधी किंवा पुढे, जसे याल तसे, कामी-अरितालाच उतरा आणि उतारावरून अरिताकडे चाला. चाकाची बॅग आणूच नका, मुक्कामी ठेवा. गर्दी असह्य झाली की मागच्या तोनबाई भिंतींच्या गल्लीत शिरा. जुन्या भट्ट्यांच्या विटा आणि मोडतोड वापरून बांधलेल्या त्या भिंती सुंदर आहेत, आणि तिथे श्वास घेता येतो. मुक्काम अरितात मिळणं कठीण. जवळच्या तकेओ ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी राहा आणि रेल्वेचं आरक्षण सोडू नका, जपानभर सुट्ट्यांचा आठवडा असतो.

दुसऱ्या दिवशी ओकावाचियामा या कुंभारांच्या गावी गेलो. नाबेशिमा सरदारांच्या खास भट्ट्या 1675 पासून इथल्या डोंगराच्या खोबणीत होत्या. इमारीहून बस मिळते. दिवस छान गेला.

घरी आणताना बश्या आडव्या ठेवू नका, उभ्या ठेवा, मधे कपडे, आणि हातातल्या सामानातच. आमचं एकही भांडं फुटलं नाही.

भिंतीचं म्हणाल तर मोठ्या बश्या कमी आणि मधे मोकळी जागा भरपूर, हे मी दोनदा सगळं उतरवून शिकले. तारेचे हूक घ्या, पण प्लास्टिकचं आवरण असलेलेच. उघडी तार काठ खाते. सोबाचोको, म्हणजे नूडल्सच्या सारासाठीच्या छोट्या वाट्या, फडताळात एका ओळीत फार शोभतात, आणि घेताना खिशालाही सोसतात. निळा रंग चकाकीच्या खाली असतो, तो पुसून जात नाही. लाल-सोनेरी वर असतो, तो घासू नका. जुन्या वरच्या रंगांत शिसं असतं, त्यामुळे त्यात आमसुलाचं सार किंवा लोणचं कधीही वाढू नका. पावसाळ्यात तडा गेलेली बशी ओली राहिली तर तडा काळा पडतो. धुतलीत तर दोन दिवस जाळीवर वाळू द्या.

माझी बावीस हजारांची बशी भिंतीच्या मधोमध आहे, सांधा वरच्या बाजूला. बघायला या, टिचकी मारून बघा. अखंड आहे.