सांडलेली चिल्लर: येता-जाता नाणी हेरण्याचा माझा अनुभव

नाणी शोधायची म्हणून मी मुद्दाम कधी बाहेर पडत नाही. दुकान, बस, पार्किंग, लाँड्री ही कामं चालूच असतात. त्या वाटेवर माणसं जिथे खिशात हात घालतात, तेवढ्याच जागा नजरेखालून घालतो. एका जागेला दहा सेकंद, फार तर पंधरा.

पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नाणं निसटतं, हे कुणालाही सुचेल. म्हणून नवखा माणूस गल्ल्यासमोरची फरशी बघतो आणि रिकाम्या हाताने परततो. पायाशी पडलेलं नाणं ज्याचं त्यानेच उचललेलं असतं. मागे राहतं ते घरंगळलेलं. चपटं पडलेलं नाणं जागच्या जागी थरथरून बसतं. काठावर पडलेलं मात्र धावत सुटतं. वेग असेपर्यंत जवळपास सरळ जातं, मग एका अंगाला कलतं, त्याच अंगाला वळू लागतं, आणि वळण आवळत आवळत शेवटी आडवं होतं. वाटेत काही आडवं आलं तर तिथेच थांबतं. तेव्हा बघायचं ते काउंटरच्या तळाशी, पायपुसण्याच्या कडेला, नाणी टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राच्या पायांमध्ये आणि फरशीचा उतार जिकडे असेल त्या कोपऱ्यात. भिंतीला टेकून किंवा फरशीच्या सांध्यात उभं राहिलेलं नाणं गोल दिसतच नाही. वरून दिसते ती दीड-दोन मिलिमीटरची रेघ. अशी नाणी झाडूलाही दाद देत नाहीत, त्यामुळे दिवसेंदिवस तिथेच असतात.

उघड्यावर सगळा खेळ उजेडाचा. सूर्य समोर हवा, पाठीशी नको. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आणि सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असेल, तर सपाट पडलेलं नाणं साधारण ४ मीटरवर चमकतं. सूर्य ४५ अंशांवर चढला की दीड मीटरवर. म्हणजे सकाळी लांब बघत चालायचं, ऊन चढेल तशी नजर जवळ आणायची. झाडलोट व्हायच्या आधीची वेळ त्यातल्या त्यात बरी. मळलेलं नाणं मात्र चमकत नाही, ते आकारावरून ओळखावं लागतं, आणि तिरपं बघितल्यावर गोल वस्तू लांबट दिसते हे डोळ्याला शिकवावं लागतं. त्यासाठी ढगाळ दिवस उत्तम. बाटलीची चेपलेली झाकणं, वॉशर, चघळून टाकलेल्या गमचे डाग हे कायमचे फसवे. पाऊस पडत असताना सगळीच जमीन चकाकते, तेव्हा बघण्यात अर्थ नाही.

यंत्राखाली किंवा बाकाखाली बघायला टॉर्च हातात धरून वरून मारू नये. तो जमिनीवर आडवा ठेवावा. प्रकाश फरशीला घासत जातो आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या नाण्याचीही लांब सावली पडते. काढायला ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, टोकाला दोन्हीकडून चिकटणारी टेप. विजेच्या यंत्राखाली लोखंडी पट्टी घालू नये. यंत्र हलवणं, कलतं करणं तर अजिबात नाही: अशा यंत्राचं वजन शेकडो किलो असतं आणि ते अंगावर पडून माणसं मेलेली आहेत.

दोरीला बांधलेलं चुंबक सगळेच सुचवतात, पण ते निम्म्या वेळा दगा देतं. युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणी आतून पोलादी, वरून तांब्याचा मुलामा. ती चटकन चिकटतात. १०, २० आणि ५० सेंटची नाणी ८९ टक्के तांब्याच्या मिश्रधातूची, ती ढिम्म हलत नाहीत. ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल असलेलं नाणं रुपेरी दिसत असलं तरी चिकटत नाही. म्हणून टेपच भरवशाची.

चिल्लर मोजायच्या यंत्राचा नाकारलेल्या नाण्यांचा ट्रे लोक हमखास विसरतात. आकार आणि धातूचे विद्युत-चुंबकीय गुण जुळले नाहीत की यंत्र नाणं बाहेर टाकतं. त्यात वाकडी, मळकी, परदेशी नाणी येतात, क्वचित चांदीचीही. अमेरिकेचे १९६४ पर्यंतचे डाइम, म्हणजे १० सेंटची नाणी, ९० टक्के चांदीचे होते. नंतरच्या डाइमच्या काठावर तांब्याची लालसर रेघ दिसते. वस्तू देणाऱ्या यंत्रांच्या परतीच्या खणात, म्हणजे उरलेली नाणी जिथे परत पडतात तिथे, आधी टॉर्च, मग बोट. आत चिंधी किंवा कागद कोंबलेला दिसला तर कुणीतरी मुद्दाम वाट बुजवली आहे. ते उपसत बसू नये, यंत्राच्या मालकाला कळवावं.

लाँड्रीत दाराच्या रबरी घडीत बोट फिरवलं की पुरे. पंपाचा फिल्टर फक्त घरच्या यंत्राचा उघडावा: प्लग काढून, पाणी गार होऊ देऊन, खाली पसरट भांडं ठेवून, झाकण हळूहळू सैल करत. एकदम फिरवलं तर साठलेलं पाणी पायावर येतं. गाडीत सीट पूर्ण पुढे सरकवून मागून बघायचं, मग पूर्ण मागे सारून पुढून. रुळात अडकलेल्या नाण्यावर सीट रेटू नये. सीटखालचे पिवळे जोड बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही.

ज्याचं नाणं पडलं तो दिसत असेल तर त्याला हाक मारायची, एवढं उघड आहे. पाकीट, पुडकं किंवा एकत्र पडलेली बरीच नाणी थेट काउंटरवर द्यावीत. सापडलेल्या पैशाचा कायदा देशागणिक वेगळा आहे.

घरी आल्यावर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, दहा मिनिटं. व्हिनेगरमध्ये तांब्याची आणि पोलादी नाणी एकत्र टाकली तर विरघळलेलं तांबं पोलादावर चढतं आणि सगळाच लॉट डागाळतो. जुनं वाटणारं नाणं घासू नये, घासल्याने संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. मी वहीत तारीख, जागा आणि संख्या टिपतो. सलग दहा खेपांत काही न दिलेली जागा यादीतून खोडतो. यंत्रांचे परतीचे खण माझ्या यादीतून असेच गेले, काउंटरच्या तळाची कड अजून आहे.