एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून बाईकडे संशयानं बघू नका

आमच्या खानापूर-निपाणीकडं कुणाच्या रिपोर्टवर एचपीव्ही (संबंधातून लागणारा, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस) पॉझिटिव्ह आलं की घरात एकतर कॅन्सरच झाला म्हणून रडारड, नाहीतर नवरा-बायकोत संशय. परवा माझी जाऊ फाईल पदराखाली धरून आली, "अक्का, मी असलं काय केलोय ग?" एवढंच विचारत बसली, म्हणून लिहितेय.

अगं काही केलेलं नसतंय. संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा व्हायरस कधी ना कधी होतोच, आणि शंभरातल्या जवळपास नव्वद जणींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपसूक जातो पण. त्याला घालवतात त्या आपल्या टी पेशी, व्हायरस शिरलेली पेशी हुडकून मारतात.

मग काहीजणींच्यात का राहतो? तर तो रक्तात उतरतच नाही, गर्भपिशवीच्या तोंडाच्या अस्तरातच राहतो, पेशी फोडत नाही, त्यामुळं ताप नाही सूज नाही आणि शरीराला वर्दीच जात नाही. वर अस्तरातल्या लँगरहान्स पेशी, ज्यांनी बाकीच्यांना हाक मारायची, त्याच कमी होतात. असा वर्षानुवर्षं राहिला, त्यातही १६ आणि १८ नंबरचा, की त्याची ई६, ई७ ही प्रोटीनं पेशीची वाढ रोखणारी यंत्रणाच बंद पाडतात, मग कॅन्सरच्या आधीचा चट्टा उठतो, रिपोर्टवर सीआयएन १ ते ३ असं लिहितात ते हेच. सीआयएन १ बहुतेकदा आपोआप जातो, ३ असेल तर मात्र उपचार पाहिजेच. एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका सहापट आहे, यावरनंच कळतंय प्रतिकारशक्तीचं काम किती मोठं.

लसीचं पण सांगते, ती व्हायरस शिरायच्या आधी अडवते, आत बसलेल्याला काढत नाही, म्हणून पोरींना लहानपणीच द्यायची.

आणि "पिशवीच काढून टाका" म्हणणाऱ्यांचं लगेच ऐकू नका ग, चट्टा लवकर सापडला तर तेवढाच भाग काढता किंवा गोठवता येतो. उस्मानाबादच्या खेड्यांतल्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, त्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्यांच्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिशी ओलांडलेल्यांनी सरकारी दवाखान्यात तपासणीचं विचारा, तिथं गर्भपिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून मिनिटभर थांबतात, चट्टा असला तर पांढरा दिसतो.