इटलीचा प्रवास आणि पासपोर्टची राखण

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतील काही कुटुंबे मिळून रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान आणि तिथून पुढे स्वित्झर्लंड असा आगगाडीचा प्रवास करून आलो. स्थळांची वर्णने पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात, म्हणून हा वृत्तांत मुद्दाम एकाच विषयापुरता ठेवला आहे: पासपोर्ट आणि इतर ओळखपत्रे कुठे ठेवावीत, केव्हा बाहेर काढावीत आणि गेलीच तर काय करावे. या प्रवासात जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की पासपोर्ट त्याच्या ठरलेल्या जागी असताना सहसा जात नाही. तो जागेवरून हलतो तेव्हा, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर, तिकिटाच्या रांगेत किंवा गाडीत सामान चढवण्याच्या गडबडीत, खरा धोका असतो.

निघण्यापूर्वीची तयारी घरीच नीट व्हायला हवी. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो, परतीच्या तारखेनंतर त्याची किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी लागते आणि दोन पाने कोरी लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मानाने झेरॉक्सकडे दुर्लक्ष होते. फोटोचे पान, शेवटचे पत्त्याचे पान आणि व्हिसाचे पान, या तिन्हींच्या प्रती हव्यात. शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक आणि फाइल क्रमांक असतो, आणि नवीन कागद काढण्याची वेळ आली की तोच उपयोगी पडतो. कागदी प्रतींचा एक संच मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवावा. दुसरा संच ईमेलमध्ये ठेवावा आणि घरी राहिलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडेही द्यावा. केवळ मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये, कारण पर्स जाते तेव्हा मोबाइल बहुधा त्याच पर्समध्ये असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे काही फोटो सोबत असू द्यावेत. आधार आणि पॅन यांची मूळ कार्डे घरी ठेवून फक्त प्रती न्याव्यात. तिथल्या पोलिसाला किंवा हॉटेलवाल्याला त्यांचा उपयोग नसतो, मात्र आपल्या दूतावासात ओळख पटवताना त्या प्रतींची मदत होते.

ठेवण्याच्या जागेबद्दल बाजारात अनेक पाऊच आणि कमरपट्टे मिळतात, पण आमच्या गटातील ज्येष्ठ महिलांनी योजलेला उपाय मला सर्वांत चांगला वाटला. त्यांनी शिंप्याकडून सलवारीच्या आणि परकराच्या आतल्या बाजूला, नाडीच्या किंचित खाली, चेनचा खिसा शिवून घेतला होता. पासपोर्ट आडवा बसेल एवढी रुंदी होती आणि वरून बटणाची एक पट्टी होती. पुरुषांसाठीही पँटच्या आतून असा खिसा शिवता येतो. गळ्यात अडकवण्याच्या पाऊचची दोरी मानेशी दिसते आणि पाहणाऱ्याला पासपोर्ट कुठे आहे ते आपोआप कळते. घामाने पाने दमट होऊ नयेत म्हणून पासपोर्ट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. त्याला टाचणी किंवा स्टेपल लावू नये, विशेषतः मुखपृष्ठावर चिपचे सोनेरी चिन्ह असलेला नवा ई-पासपोर्ट असेल तर.

पासपोर्ट रोज बरोबर न्यावा की हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवावा, यावर आमच्यात बराच खल झाला. इटलीत पोलिसांनी मागितल्यास परदेशी नागरिकाने पासपोर्ट दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. मुक्काम ज्या दिवशी हलायचा असतो त्या दिवशी तर प्रश्नच नसतो. मिलानहून स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्या गाडीत शेंगेन क्षेत्र असूनही कियासो या सीमेवरच्या स्थानकात सीमारक्षक चढून तपासणी करू शकतात. एके ठिकाणी राहून शहर पाहताना मात्र, विशेषतः रोममध्ये तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसने किंवा मेट्रोच्या ए मार्गाने जायचे असेल तर, गर्दी आणि खिसेकापू यांची आठवण ठेवलीच पाहिजे. आम्ही मूळ पासपोर्ट आतल्या खिशात अंगावरच ठेवायचा आणि वरच्या खिशात झेरॉक्स ठेवायची असे ठरवले. दिवसभर त्या आतल्या खिशाला रस्त्यावर कोणीही हात लावायचा नाही, हा नियम पाळला. कोलोसियमची तिकिटे ऑक्टोबर २०२३ पासून नावाने दिली जातात आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागतात. तेव्हा रांगेत उभे राहण्यापूर्वी, बाजूला भिंतीशी जाऊन पासपोर्ट काढून घ्यावा आणि आत गेल्यावर थांबून परत ठेवावा. चालता चालता पर्समध्ये टाकलेला पासपोर्ट संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो.

हॉटेलमध्ये पोहोचल्यावर पासपोर्ट मागतात, कारण आलेल्या पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे तिथल्या हॉटेलवर बंधनकारक आहे. नोंद करायला काही मिनिटे पुरतात. एके ठिकाणी आम्हाला पासपोर्ट ठेवून जेवायला जा आणि नंतर न्या असे सुचवण्यात आले. आम्ही नम्रपणे काउंटरशीच थांबलो आणि प्रत्येकाने स्वतःचा पासपोर्ट उघडून, फोटो पाहून परत घेतला. एका गठ्ठ्यात परत आलेल्या निळ्या पुस्तिका सगळ्या सारख्याच दिसतात.

आता जे घडले ते सांगतो. व्हेनिस-मेस्त्रे स्थानकावर मिलानच्या गाडीत चढताना आमच्यातील एका ज्येष्ठ दांपत्याच्या जड बॅगा उचलायला एक नीटनेटका तरुण पुढे आला. काका त्याचे आभार मानत असताना त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीची बाहेरची चेन कोणीतरी उघडली. काकूंचाही पासपोर्ट काकांकडेच होता, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी गेले. घरातील सर्वांचे पासपोर्ट कर्त्या माणसाने सांभाळायचे, किंवा गटातील सर्वांचे सहलप्रमुखाने एकत्र ठेवायचे, ही आपली रीत प्रेमापोटी आलेली असली तरी सोडायला हवी. पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता असते, आणि तो स्वतः धारकाकडे किंवा धारकाने अधिकार दिलेल्या व्यक्तीकडेच असावा अशी सूचना पासपोर्टमध्येच छापलेली असते.

चोरी लक्षात आली तेव्हा गाडी सुटली होती, म्हणून मिलानला उतरताच आम्ही मध्यवर्ती स्थानकातील रेल्वे पोलिसांकडे गेलो. तक्रार इटालियन भाषेत लिहिली जाते आणि तिला ‘देनुंचा’ म्हणतात, त्यामुळे तो एक शब्द उच्चारला तरी काम कळते. काका-काकूंच्या मुलीने पुण्याहून ईमेलने पाठवलेल्या प्रती पाहून अधिकाऱ्याने क्रमांक लिहिले. तक्रारीतील नावाची अक्षरे आणि पासपोर्टचा क्रमांक तिथेच पडताळून घ्यावा आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नये. दूतावास, प्रवास विमा कंपनी आणि परत आल्यावर पासपोर्ट कार्यालय, तिन्ही ठिकाणी हाच कागद लागतो. तातडीच्या मदतीसाठी इटलीत ११२ हा क्रमांक चालतो.

भारताचा दूतावास रोममध्ये आणि वाणिज्य दूतावास मिलानमध्ये आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती, म्हणून सोमवारपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे मला असे सुचवावेसे वाटते की परतीचे विमान आणि मोठ्या शहरातला शेवटचा मुक्काम यांत कामाचा किमान एक दिवस मोकळा असेल अशी आखणी करावी. वाणिज्य दूतावासात ऑनलाइन अर्ज, फोटो, पोलिसांची तक्रार आणि पासपोर्टच्या प्रती पाहून ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. हा कागद फक्त भारतात परत येण्याच्या एकेरी प्रवासापुरता असतो. पासपोर्टसोबत व्हिसाही गेलेला असतो, म्हणून काका-काकूंचा स्वित्झर्लंडचा टप्पा रद्द झाला. गटातील एक जण त्यांच्यासोबत मिलानला थांबले आणि तिघे तिथूनच मुंबईला परतले.

शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडताना व्हिसाच्या प्रतीचा उपयोग होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. तीत चेहऱ्याचा फोटो व बोटांचे ठसे घेतात आणि शिक्क्याची जागा संगणकातील नोंद घेते. हातात दाखवायला आपल्याकडेही काहीतरी असावे म्हणून येतानाचा बोर्डिंग पास जपून ठेवावा. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्यांनी, या प्रवासात त्याचे काम नसेल तर, तो घरीच ठेवावा. दोन्ही पुस्तिका एकत्र बांधून फिरवल्या की गेल्यावर दोन्हींचा खटाटोप करावा लागतो.

चोरीची तक्रार दूतावासात नोंदली की जुना पासपोर्ट रद्द होतो. नंतर तो स्थानकाच्या कचरापेटीत सापडला आणि कोणी आणून दिला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. तो वापरण्याचा मोह टाळून पासपोर्ट कार्यालयात जमा करावा. परत आल्यावर हरवलेल्या पासपोर्टच्या बदली नवीन पासपोर्टसाठी अर्ज करायचा असतो. त्याचे शुल्क साध्या नूतनीकरणाच्या दुप्पट, म्हणजे ३६ पानांच्या पुस्तिकेसाठी ३,००० रुपये आहे. पोलीस पडताळणीही होऊ शकते, म्हणून सध्याच्या पत्त्याचा पुरावा अर्जाआधीच तयार ठेवावा.