मटण रात्री नऊला, पोटदुखी एकला

माझे धाकटे दीर अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतात. सोलापूरला आले की पहिल्या रात्री मटणाचा रस्सा, कडक भाकरी आणि शेंगा चटणी ठरलेली. गेल्या खेपेला भाऊजी म्हणाले, "वहिनी, मला पिठलं चालेल." सासूबाईंना वाटलं, पोरानं माळ घातली!

भानगड वेगळीच होती. तिकडं बरेच दिवस त्यांच्या पोटाला 'आयबीएस' म्हणत होते, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही, तरी पोट सारखं दुखतं-बिघडतं तो आजार. एंडोस्कोपी स्वच्छ, रिपोर्ट स्वच्छ. पण रात्री नऊला जेवून झोपले की एकच्या सुमाराला कळ यायची, मग जुलाब, कधीकधी अंगावर गांधी. चिकन खाल्लं की मात्र काही नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोचीड चावली होती का?" भाऊजींना रानात भटकायची हौस, चावली नसती तरच नवल.

तिकडं लोन स्टार नावाची गोचीड असते, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका. ती चावली की काहींच्या शरीरात अल्फा-गॅल या साखरेविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तयार होतात. ही साखर बोकड, गाय, डुक्कर सगळ्यांच्या मांसात असते, कोंबडीत आणि माशात नसते. त्रास खाल्ल्यावर लगेच नाही, दोन ते सहा तासांनी होतो. त्यामुळे संशय मटणावर जातच नाही, माणूस झोपेला, टेन्शनला, पाण्याला दोष देत बसतो. हे कोडं उलगडायला सुरुवात झाली ती कॅन्सरच्या सेटुक्सिमॅब या औषधामुळे. ते देताच काही रुग्णांना जोराची अ‍ॅलर्जी येई, आणि कारण त्या औषधातली ही साखरच, हे २००८ साली समोर आलं. नुसत्या पोटाच्या तक्रारी असल्या तरी अल्फा-गॅलच्या अ‍ॅलर्जीचा विचार करा, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं.

हा संसर्ग नव्हे, अ‍ॅलर्जी आहे. गोचिडीचे संसर्ग निराळे. आपल्या सिंधुदुर्गापर्यंत आलेला माकडताप घ्या. त्यातही उलट्या-जुलाब होतात, पण सोबत सणसणून ताप असतो. त्याला आयबीएस कोण म्हणेल?

आता माझं. आयबीएसवाली मीही आहे, आणि गावाकडं सासूबाई म्हशीच्या गोचिडी वेचून रॉकेलच्या डब्यात टाकतात. भाऊजींची गोष्ट ऐकल्यावर मला फार आनंद झाला, म्हटलं सापडला चोर! मग वहीत वेळा लिहायला लागले. माझं पोट बिघडतं सकाळच्या चहानंतर, नाहीतर पोराच्या परीक्षेच्या आठवड्यात. मटणाच्या रात्री मी ढाराढूर. आमच्या डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, "तुम्हाला ती अल्फा-गॅलची तपासणी नको." थोडी निराशाच झाली, खरं सांगते.

भाऊजींना मात्र रक्ततपासणीनं उत्तर दिलं. नव्यानं गोचीड चावली नाही तर काहींच्या प्रतिपिंडांचं प्रमाण काही वर्षांनी उतरतं म्हणतात, तोवर पथ्य. दूध त्यांना चालतं, काहींना तेही चालत नाही. जिलेटिनही जनावरांच्या हाडा-कातड्याचं, म्हणून इथं सर्दीसाठी कॅप्सूल घ्यायला गेले तर दुकानदाराला विचारत बसले, "हे वेष्टन जिलेटिनचं का?" तो म्हणाला, "साहेब, आजवर असं कुणी विचारलं नाही," आणि गोळीचं पाकीट पुढं केलं.